कडबा कुट्टी रोज चालवताय? हात सरावला की काय चुकतं, आणि कामाचा क्रम कसा लावायचा

कुट्टी मशीनमध्ये, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायच्या यंत्रात, कुणाचा हात गेला की गावात पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, "अहो पण तो तर पंधरा वर्षं चालवत होता की!" लोकांना ह्याचं नवल वाटतं पण खरं तर नवल वाटायचं कारण नाही. नवा माणूस मशीनला घाबरतो, लांब उभा राहतो, चार चार काड्या सारतो, त्याच्या कुट्टीला वेळ लागतो पण हात शाबूत राहतो. पंधरा वर्षंवाल्याचा हात आपोआप चालतो आणि डोकं तिकडं डेअरीत, पोराच्या फीमध्ये नाहीतर मोबाईलवर आलेल्या फोनमध्ये असतंय.

जरा हिशोब करा. पाच जनावरं, सकाळ-संध्याकाळ कुट्टी, म्हणजे वर्षाला ७३० वेळा मशीन चालू. एका वेळेला दहा पेंढ्या आणि एक पेंढी तीन मुठीत घालायची म्हटलं तर वर्षाला २१,९०० वेळा तुमचा हात मशीनच्या तोंडाकडं जातोय. एवढ्या वेळा काही झालं नाही की माणसाच्या मनात बसतं की काही होतच नाही. त्यात कुणाचा दोष नाही, माणसाचं मन असंच चालतं, एकसारखं काम आलं की ते काम हातावर सोडून मन दुसरीकडं जातंच.

म्हणून "लक्ष देऊन काम करा" हा सल्ला मी देणार नाही, तो दिला तर दोन दिवस टिकतो. ह्या लेखातला सगळा क्रम असा लावलाय की लक्ष उडालं तरी हात चारा आत ओढणाऱ्या रोलरपर्यंत पोचू नये, आणि लक्ष उडायच्या आतच काम मध्ये मध्ये थांबावं. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, बार्शी, कुठंही जा, घरटी मशीन झालंय, त्यात घरगुती २ किंवा ३ एचपीची मोटार असलेलं मशीनच जास्त, तेच डोळ्यापुढं ठेवून लिहितोय. सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या माणसालाही ह्यातलं बरंच लागू पडेल, पण तिथं निदान कारखान्यांचा कायदा आहे, फिरत्या भागाला झाकण पाहिजे असं तो सांगतो. आपल्या गोठ्यात कुठला इन्स्पेक्टर बघायला येत नाही, तिथं झाकण आपणच बसवायचं.

टप्पा १: मशीन आणि जागा (हे एकदाच करायचं, पण आधी करायचं)

सगळ्यात आधी ट्रे मोजा. ज्या पत्र्यावरून आपण कडबा पुढं सारतो तो ट्रे. बऱ्याच मशीनला तो दीड-दोन फुटाचाच असतोय, म्हणजे वाकून हात लांबवला की बोटं थेट रोलरला टेकतात. मळणी यंत्राच्या घासाच्या तोंडाला भारतीय मानकात निदान ९० सेंमी लांबी आणि त्यातला ४५ सेंमी भाग वरून झाकलेला, अशी मापं दिलेली आहेत. तीच मापं कुट्टीला लावून घ्या. गावातला वेल्डिंगवाला पत्रा वाढवून वरून झाकण मारून देतो, खर्च फार येत नाही.

बंद मशीनवर चाचणी घ्या. प्लग काढा, ट्रेच्या पुढं नेहमीसारखे उभे राहा आणि हात होईल तेवढा आत घाला. रोलरला बोट लागलं तर ट्रे अजून छोटा आहे. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला उभं करून बघा, कारण त्याचाच हात सगळ्यात लांब जातो.

मग ट्रेवर एक लाल पट्टी मारा, झाकण सुरू होतं तिथून एक वीत अलीकडं. हात पट्टीच्या अलीकडं, चारा पट्टीच्या पलीकडं. रंग मारायचा कंटाळा करू नका, कारण पट्टी डोळ्याला दिसती आणि नियम दिसत नाही.

बेल्ट आणि पुली उघडी असेल तर जाळी बसवा. पात्याच्या चाकावरचं कव्हर नटबोल्टनं बसलेलं पाहिजे, सुतळीनं बांधलेलं चालणार नाही. चाकाच्या किंवा पुलीच्या बाजूवर एक पांढरा पट्टा रंगवा, जाळीतून दिसेल असा. ह्याचं काम पुढं जाम काढताना पडणार आहे.

आता स्विच. ह्यात सगळ्यात जास्त चुका होतात.

स्विच उभं राहून हाताला लागेल असा पाहिजे, आणि कडब्याच्या ढिगावरून न जाता. बऱ्याच गोठ्यात मशीन एका कोपऱ्यात आणि स्विच दाराजवळ असतोय, म्हणजे काही झालं तर एक हात अडकलेला आणि स्विच दहा फुटावर. दुसरी गोष्ट, साधा बटणाचा स्विच किंवा नुसता एमसीबी असेल तर लाईट गेल्यावर तो चालूच राहतो. लाईट आली की मशीन आपोआप फिरायला लागतं. आपल्याकडं लाईटचं काय सांगावं, लाईट गेली म्हणून माणूस निवांत हात घालून अडकलेला घास काढत बसतो आणि तेवढ्यात लाईट येते. म्हणून स्टार्टर लावा, ज्यात लाईट गेली की कॉईल सुटती आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. सिंगल फेजलाही असा स्टार्टर मिळतो.

इशारा: विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटारीच्या पेटीला आपण 'ऑटो' लावतो, लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून. त्या पेटीवरून कुट्टीला वायर ओढू नका. पाण्याला ऑटो सोयीचा आहे, कुट्टीला तोच जीवघेणा.

अर्थिंग वेगळं पाहिजे. मशीन लोखंडी, खाली हिरव्या चाऱ्याचं पाणी, पाय उघडे, हे सगळं एकत्र आल्यावर नुसता शॉक लागला तरी माणूस तोल जाऊन मशीनवर पडतो. बोर्डाला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. वायर जमिनीवरून नेऊ नका, म्हैस पाय देती आणि उंदीर कुरतडतात.

टप्पा २: वेळ बदला

बहुतेक लोक धार काढायच्या आधी कुट्टी करतात. पहाटेचा अंधार, झोप उतरलेली नाही, डेअरीची गाडी यायची वेळ आणि जनावरं ओरडायलीत. ह्यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडायची नाही.

वाळलेल्या कडब्याची कुट्टी तीन-चार दिवसांची एकदम करून पोत्यात भरून ठेवली तरी चालते, फक्त ओल लागू देऊ नका. हिरवा मका, कडवळ, नेपियर, वाढं ह्यांची कुट्टी मात्र ढिगात गरम होते आणि वास धरते, ती रोजची रोज करावी लागते. मग असं करा, कडब्याचा निवांत एक दिवस ठरवा, आणि हिरव्या चाऱ्याची कुट्टी आदल्या दिवशी उन्हं उतरल्यावर करा, पातळ पसरून ठेवा. मशीन कमी वेळा सुरू होणार आणि घाईच्या वेळेला सुरू होणारच नाही. माझ्या मते ह्या सगळ्या लेखात सगळ्यात जास्त फायदा ह्याच एका बदलात आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मार्च ते मे दुपारी करू नका. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पत्र्याच्या शेडखाली घामानं हात निसटतो आणि डोकंही चालत नाही.

रात्री करावीच लागली तर उजेड तोंडावर पाहिजे, माणसाच्या पाठीमागून नको, नाहीतर आपलीच सावली ट्रेवर पडते.

टप्पा ३: चारा तयार करणं, मशीन बंद असताना

इथं क्रम उलटा होतो. लोक आधी मशीन चालू करतात आणि मग एक एक पेंढी गंजीतून ओढून, बंध सोडून, झाडून आत घालतात. म्हणजे चालू मशीनशेजारी माणूस वाकतोय, वळतोय, पाठ फिरवतोय. लाईट जळते ती वेगळीच.

१. लागतील तेवढ्या सगळ्या पेंढ्या मोजून मशीनजवळ आणा, डाव्या बाजूला ढीग लावा.

२. सगळे बंध आधीच सोडा. बंध सुतळीचा असेल तर ती सुतळी गोळा करून लांब टाका. सुतळी रोलरला गुंडाळली तर ती बोटाला घेऊनच गुंडाळते.

३. पेंढी जमिनीवर आपटून झाडा. दगड, ढेकळं, तारेचे तुकडे, खिळे पडले पाहिजेत. तार कापली गेली की पात्याचा तुकडा उडतो, आणि न उडता कुट्टीत गेली तर जनावराच्या पोटात जाते, मग वेगळाच खर्च.

४. बुडखे एका बाजूला करा. आखूड, मोडकी धाटं बाजूला काढा, ती वेगळी ठेवा.

५. खाली सांडलेला पाला, शेण, ओला चारा झाडून काढा. पाय घसरला की हात सगळ्यात आधी पुढं जातो, आणि पुढं ट्रे असतोय.

तपासा: ढिगाकडं बघा. मशीन चालू झाल्यावर तुम्हाला एकदाही जागा सोडावी लागणार आहे का? लागणार असेल तर तयारी अजून झालेली नाही.

टप्पा ४: अंगावरचं

उपरणं, गळ्यातला टॉवेल, ओढणी, सुटा पदर, सगळं काढून किंवा घट्ट खोचून. बऱ्याच घरात कुट्टी बायकाच करतात हे कुणी बोलत नाही, आणि त्यांच्या बांगड्या, मंगळसूत्र, लांब वेणी ह्याचा विचार मशीन बनवणाऱ्यानं केलेला नसतो. पदर मागून घेऊन कमरेला खोचा, वेणीचा अंबाडा घाला, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत टाका. मनगटात गंडा, कडं, देवाचा धागा असेल तर तेवढ्या वेळापुरता काढा. देव रागवत नाही.

हातमोजे घालू नका. लोकांना वाटतं मोज्यानं हात वाचतो. पाती बदलताना जाड मोजे पाहिजेतच, पण चारा घालताना मोज्याचं टोक रोलरनं धरलं की अख्खा हात आत ओढला जातो. नाकाला रुमाल बांधायचा तर त्याची टोकं मागं खोचा. मोबाईल खिशातही नको, लांब खिळ्याला पिशवीत अडकवा. वाजला तर वाजू दे.

दारू घेतलेल्या माणसाला मशीनजवळ येऊ देऊ नका, मग तो मालक असो नाहीतर जावई.

टप्पा ५: चालू करणं

रेल्वेच्या आमच्या सोलापूर डिव्हिजनमध्ये गाड्या चालवणारे लोको पायलट आणि त्यांचे असिस्टंट समोर दिसलेला सिग्नल मोठ्यानं बोलून एकमेकांना सांगतात, दिवसभर, प्रत्येक सिग्नलला. त्यांना सिग्नल कळत नाही म्हणून नव्हे, तर मोठ्यानं बोललं की डोकं जागेवर येतं म्हणून. कुट्टीलाही तेच करा. सुरुवातीला लाजल्यासारखं होतं, घरचे हसतात, हसू द्या.

बोट दाखवून, तोंडानं म्हणायचं:

१. "लिव्हर न्यूट्रल." लिव्हर म्हणजे रोलर पुढं, मागं (रिव्हर्स) फिरवणारा किंवा न्यूट्रलला थांबवणारा दांडा. खरंच न्यूट्रलला आहे का ते हलवून बघा.

२. "कव्हर बंद." बोल्ट हातानं हलवून बघा.

३. "पोरं लांब." मागं, बाजूला, कुट्टी पडते त्या तोंडासमोर कुणी नाही. कोंबडी, शेळी, करडूसुद्धा नाही.

४. "चालू." मोटार रिकामी सुरू करा, चाकाला पूर्ण वेग येऊ द्या आणि आवाज ऐका. रोजच्या आवाजात खडखड, घासल्याचा आवाज किंवा थरथर वाढली असेल तर बंद. रोज ऐकणाऱ्या कानाला हे लगेच कळतं, फक्त ऐकायला थांबलं पाहिजे.

५. एक मूठ चारा ट्रेवर ठेवून लिव्हर पुढं, मग लगेच मागं. रिव्हर्स लागतोय का हे रोज, चारा अडकायच्या आधी बघायचं. अडकल्यावर रिव्हर्स लागत नाही असं कळलं तर फार उशीर झालेला असतोय.

टप्पा ६: चारा घालणं

उभं राहायचं ते ट्रेच्या जरा बाजूला, चाकाच्या रेषेत नाही. पाती सैल होऊन उडाली तर ती चाकाच्या रेषेतच उडते.

बुडखा आधी. जाड बाजू रोलरनं धरली की धाट सरळ ओढलं जातं आणि मागं ढकलायची गरज पडत नाही. शेंड्याकडून घातलं तर पाला गोळा होतो, अडकतो आणि मग माणूस तो हातानं रेटतो.

मूठ ट्रेवर ठेवायची, लाल पट्टीपर्यंत सारायची आणि सोडायची. सोडायची हे महत्त्वाचं. सरावलेला माणूस मूठ धरूनच पुढं नेतो कारण तसं केलं की काम भराभर होतं. पण हा वेग किती असतोय ते बघा. समजा चाकाला दोन पाती, मिनिटाला ४०० फेरे आणि कुट्टीची लांबी २ सेंमी. म्हणजे मिनिटाला ८०० काप, १६०० सेंमी चारा आत, सेकंदाला जवळजवळ २७ सेंमी, साधारण साडेदहा इंच. मूठ तोंडापासून सहा इंचावर असताना धाटाच्या पाल्यात बोट गुंतलं तर तुमच्याकडं अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर वेळ आहे. तयारीत असलेल्या माणसालासुद्धा हात मागं घ्यायचं सुचायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि ज्याचं मन डेअरीत आहे त्याला त्याहून बराच जास्त. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, तुमचे घालून हिशोब करा, पण वेळ पुरेसा आहे असं उत्तर येणार नाही.

उरलेले आखूड तुकडे हातानं ढकलायचे नाहीत. पुढच्या मुठीच्या मागं ठेवा, ती मूठ रोलरनं धरली की तिच्यावर टाकून लाकडी दांडक्यानं सारा. दांडकं हलक्या लाकडाचं, दोन हात लांब, ट्रेलाच सुतळीनं न बांधता बाजूला अडकवलेलं. लोखंडी गज घेऊ नका. आणि शेवटच्या पेंढीचे शेवटचे तुकडे तर ठेवूनच द्या, उद्याच्या पेंढीत जातील. बोटं ह्या शेवटच्या मूठभर तुकड्यातही जातात, काम संपलंच म्हणून माणूस ढिला पडलेला असतो आणि मागून ढकलायला दुसरा चाराही नसतो.

आता मध्ये थांबायचं. दर पाच पेंढ्यांना लिव्हर न्यूट्रल, दोन्ही हात ट्रेवरून खाली, कुट्टीचा ढीग तोंडापासून बाजूला ओढायचा (हातानं नाही, दाताळ्यानं), कपाळाचा घाम पुसायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "पाच झाल्या." पेंढ्यांचे पाच-पाचचे ढीग आधीच लावून ठेवले तर मोजावंही लागत नाही, ढीग संपला की थांबायचं. हे विश्रांतीसाठी नाही. हाताला लागलेली लय मोडण्यासाठी आहे.

कुणी हाक मारली, फोन वाजला, जनावर सुटलं, तर मान वळवायच्या आधी लिव्हर न्यूट्रल. आधी लिव्हर, मग मान. घरच्यांनाही सांगून ठेवा की मशीन चालू असताना मागून हाक मारायची नाही, पुढं येऊन दिसेल असं उभं राहायचं.

थांबायच्या खुणा: आत्ताची पेंढी कितवी ते आठवत नाही. मागची मूठ कशी घातली ते आठवत नाही. दोनदा डुलकी किंवा जांभई आली. कुणाशी तरी भांडून आलाय आणि तेच डोक्यात चाललंय. ह्यातलं एक जरी झालं तरी मशीन बंद, तोंडावर पाणी, थोडं चालून या.

टप्पा ७: घास अडकला तर

हा टप्पा सगळ्यात सावकाश वाचा, घरातल्यांना वाचून दाखवा.

घास अडकायची कारणं ठरलेली आहेत. चारा जास्त घातला, चारा ओला आणि पालेदार, पाती बोथट, बेल्ट ढिला किंवा व्होल्टेज कमी. आठवड्यात एक-दोनदा अडकतंच, म्हणून लोक त्याची पद्धत बसवून घेतात, आणि ती पद्धत म्हणजे चालू मशीनमध्ये हात घालून पटकन ओढणं. शंभर वेळा निघतं.

असं करायचं:

१. लिव्हर रिव्हर्स. हात ट्रेवर नको. चारा बाहेर आला तर लिव्हर न्यूट्रल करून दांडक्यानं ओढून घ्या. दोनदा रिव्हर्स करून निघालं नाही तर तिसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही.

२. लिव्हर न्यूट्रल, स्टार्टरचं लाल बटण.

३. प्लग काढा आणि प्लग तुमच्या हातात किंवा नजरेसमोर पाहिजे. थ्री फेज असेल तर मेन पाडून किटकॅट (फ्यूज) काढा आणि खिशात ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण घरातलं कुणीतरी येतं, "बंद का पडलंय?" म्हणून बटण दाबतं. चांगल्या मनानंच दाबतं.

४. चाक थांबेपर्यंत थांबा. मोटार बंद झाली तरी जड चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि आवाज आधी संपतो, चाक नंतर थांबतं. ट्यूबलाईटच्या उजेडात तर फिरतं चाक थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसू शकतं. आपण रंगवलेला पांढरा पट्टा इथं कामाला येतो, पट्टा स्पष्ट एका जागी दिसला की थांबलं.

५. चाकाला लाकडी पाचर मारा. ही पायरी जवळजवळ सगळे सोडतात. लाईट नाही, चाक थांबलंय, मग भीती कशाची? भीती चाकाच्या वजनाची. अडकलेला घासच चाकाला धरून ठेवत असतो. तो ओढून काढला की चाक मोकळं होतं आणि जड बाजू खाली येते, अर्धा फेरासुद्धा मारू शकतं, आणि धारदार पात्याला बोट कापायला अर्धा फेरा भरपूर झाला. आमच्या भावकीतल्या एका तात्यांची दोन पेरं अशीच गेली, मशीन बंद होतं, प्लग काढलेला होता, सगळं बरोबर केलं होतं, फक्त पाचर मारली नव्हती.

६. आता कव्हर खोला. घास आकड्यानं किंवा पक्कडीनं ओढा, बोटानं नाही. पाल्याच्या मागं पातं कुठं आहे ते दिसत नाही.

७. कव्हर परत बसवा, बोल्ट कसा, मग पाचर काढा. चाक हातानं ओढायचं नाही, बेल्टवरची जाळी काढून बेल्ट धरून एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा, घासतंय का बघा. बोटं पुलीच्या अलीकडं ठेवा.

८. जाळी परत लावा, मग प्लग, आणि टप्पा ५ पहिल्यापासून. "लिव्हर न्यूट्रल" पासून.

तपासा: मध्येच लाईट गेली तरी हाच क्रम. लाईट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं धरायचं नाही, प्लग निघाला म्हणजे बंद झालं.

टप्पा ८: बंद करणं

चारा संपल्यावर मशीन अर्धा मिनिट रिकामं चालू द्या, आतला भुसा निघून जातो आणि उद्या अडकत नाही. मग लिव्हर न्यूट्रल, लाल बटण, प्लग. चाक थांबेपर्यंत कुट्टी गोळा करायला तोंडाजवळ वाकू नका. प्लग वर खिळ्याला अडकवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. बोर्डाला छोटं कुलूप बसत असेल तर फारच चांगलं, मोटारसायकलच्या किल्लीबरोबर त्याची किल्ली ठेवा.

टप्पा ९: पाती

बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण बोथट पात्यानं चारा अडकतो आणि अडकला की हात आत जातो. कुट्टी एकसारखी न पडता चिंध्या चिंध्या पडायला लागली किंवा मोटार ओढायला लागली की धार गेली समजा. पाती काढताना प्लग हातात, पाचर मारलेली, जाड मोजे. दोन्ही पाती एकदमच धार लावा आणि एकदमच बदला, एक जड एक हलकं झालं की चाक थरथरतं आणि बोल्ट सैल होतात. बोल्ट नवीन घ्या, जुनेच ठोकून बसवू नका. बसवल्यावर पातं आणि तोंडाची पट्टी ह्यातली फट बेल्ट धरून चाक फिरवून पूर्ण फेरा बघा. दुसऱ्या दिवशी पहिल्या वापराआधी बोल्ट परत एकदा आवळा.

टप्पा १०: दुसऱ्याच्या हातात देताना

पाव्हणा आला, नवीन गडी ठेवला, कॉलेजातला पोरगा सुट्टीला आला, ह्या लोकांना मशीन देताना आपण "बघ, असं असं घालायचं" एवढं सांगून निघून जातो. त्याला आधी बंद करायला शिकवा, चालू करायला नंतर. लाल बटण डोळे मिटून सापडतंय का बघा. अडकल्यावरचा क्रम तुमच्यासमोर एकदा करून दाखवू द्या. पोरांना मशीनजवळ येऊच देऊ नका, "जरा दांडकं दे" म्हणूनसुद्धा नाही. आणि एका मशीनवर एकच माणूस पाहिजे. एक घालतोय आणि दुसरा लिव्हरवर, ही पद्धत बंद करा, कारण तुमचा हात आत आहे की बाहेर हे दुसऱ्याला दिसत नसतं.

टप्पा ११: हात अडकलाच तर

लाल बटण, मग प्लग. हात ओढू नका. लाईट बंद झाल्याची खात्री करून बेल्ट उलटा हातानं फिरवा म्हणजे रोलर हात सोडतात, नाही सोडले तर रोलरवरची स्प्रिंग सैल करा. एकानं १०८ ला फोन लावायचा, तेवढ्या वेळात दुसऱ्यानं जखमेवर स्वच्छ धुतलेलं कापड दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर उचलून ठेवायचा. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. हळद, कॉफी पावडर, तंबाखू, राख काही लावू नका, ते सगळं डॉक्टरला धुऊन काढावं लागतं. पाणीसुद्धा पाजू नका, ऑपरेशन करावं लागतं.

तुटलेलं बोट सापडलं तर ते चोळून धुऊ नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, जितक्या लवकर पोचाल तितकी जोडायची शक्यता जास्त, सहा तासांच्या आत पोचायचं धरूनच निघा. निघायच्या आधी किंवा वाटेतून फोन करून विचारा की बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन आत्ता आहेत का, नाहीतर आधी तालुक्याला, मग सोलापूरला सिव्हिलला, मग तिथून पुण्याला असं फिरण्यातच तास जातात.

हात किंवा पाय कायमचा गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एका अवयवासाठी १ लाख आणि दोन अवयव किंवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. त्यासाठी सातबारा, वयाचा दाखला आणि अपघाताची कागदपत्रं लागतात, म्हणून दवाखान्यात केस पेपर करताना "कुट्टी मशीनमध्ये अपघात" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "हाताला जखम" लिहिलं तर पुढं कागद अडतो.